परवाना मागण्याआधी

बोरगाव मेघे, वर्धा

चि. बंटीस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. लग्नाच्या मांडवात तुमचे पुढारी 'भाऊ' उभे, कमरेला उघडं पिस्तूल, भोवती तुझ्याच वयाचे पोट्टे. खाली तुझं वाक्य, 'मामा, याला म्हणतात वट.' आणि आता तुलाही परवान्याचा अर्ज करायचा आहे.

लेका, बीडचं आठव. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर पिस्तुलं मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले. त्या एका जिल्ह्यात बाराशेवर शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं, मग ते रद्द करायची धावपळ झाली. पण असे व्हिडिओ लोक आधीही पाहत होते, आवडीने पुढे पाठवत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटते. ज्या ग्रामसभेत असा पिस्तूल मिरवणारा माणूस पहिल्या रांगेत बसतो, तिथे नळाच्या पाण्याचा प्रश्न विचारणारी बाई दुसऱ्यांदा उभी राहील का?

कायदाही तुझ्या फोटोच्या विरुद्धच आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरसारख्या कव्हरात आणि पूर्ण झाकलेलं हवं. लग्नात लोकांचा जीव धोक्यात घालून बार काढले, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शस्त्र म्हटलं की मी नाकच मुरडतो, असं समजू नकोस. पुढे आपल्या सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीही होती. अट एकच: त्यावर लोकांचं नियंत्रण असावं. पिकाच्या राखणीला ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक असते, त्यांची ती कुलपात असते. ती घेऊन कुणी वरातीत नाचत नाही.

तुझा प्लॉटांचा धंदा, म्हणून काळजी जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या, आरोपी आमदार, आणि वाद जमिनीचाच होता. रागाच्या वेळी हाताशी पिस्तूल नसतं, तर भांडण शिव्यांवर थांबलं असतं.

खरंच कुणी धमकावलं असेल तर नाव सांग. उद्याच तुझ्यासोबत ठाण्यात येतो, लेखी तक्रार देऊ. पण नुसत्या वटीसाठी अर्ज केलास आणि पोलीस चौकशीला माझ्या दारी आले, तर तुझ्या जिवाला धोका नाही, असंच मी सांगेन.

तुझा,
मामा