चार बोटांची जागा

वाचकहो, ज्या गाडीत दोनच माणसे बसतात आणि जिच्या मागच्या कप्प्यात एक भाजीची पिशवी व एक छत्री एवढेच मावते, अशी गाडी घेऊन कोणी तुम्हाला विमानतळावर न्यावयास आला, तर तुम्ही काय म्हणाल? मी काहीच म्हटले नाही. वीस तासांच्या प्रवासानंतर बोलण्याचे त्राण नव्हते. माझी मोठी बॅग धाकट्या भावाच्या मित्राच्या गाडीतून गेली. लहान बॅग, जीत आईने दिलेली भाजणी आणि गोडा मसाला होता, ती मांडीवर घेऊन मी बसले. 2023 सालचा ऑक्टोबर महिना होता. न्यूअर्कहून एडिसनला जावयाचे होते.

गाडी म्हणजे माझदा मियाटा, 1992 सालची, लाल. ही गाडी 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि पुढे जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली. इंजिन अवघे 1.6 लिटरचे, वजन जेमतेम हजार किलो. आजच्या मोटारींपुढे ती खेळण्यासारखी दिसते. भावाने ती तीन वर्षांपूर्वी जुनीच विकत घेतली होती आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तिचे दोन ‘संस्कार’ केले होते: आखूड स्प्रिंगा घालून ती दोन इंच खाली बसविली, आणि मूळची 14 इंची अरुंद चाके काढून 15 इंची, 8 इंच रुंदीची चाके चढविली. कारखान्यातून आली तेव्हा टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये चार बोटे सहज शिरत असत. आता एक बोटही कष्टाने जाई. त्याला ते फार देखणे वाटे. खरे सांगावयाचे तर मलाही वाटले.

वाटेत एका पुलाच्या जोडावर, डावीकडच्या वळणात, माझ्या पाठीमागून चर्रर्र असा आवाज आला. शिंप्याने जाड कापड एका ओढीत फाडावे, तसा. भाऊ म्हणाला, ‘‘रस्ताच तसा आहे, ताई.’’ त्यानंतर तोच आवाज आणखी तीनदा आला आणि तिन्ही वेळा रस्त्यावरच दोष गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातात घेऊन मी गाडीभोवती फिरले. उजव्या बाजूच्या मागील टायरच्या खांद्यावर सबंध गोलाकार एक चर पडली होती. नखाच्या जाडीएवढी खोल. आणि एका ठिकाणी रबर संपून आतले धागे दिसत होते. मोटारीतले मला काही कळत नाही, परंतु धागे दिसू लागले की वस्तू संपली, हे कोणत्याही गृहिणीला कळते. त्याच टायरवर आम्ही आदल्या रात्री ताशी पासष्ट मैलांनी आलो होतो.

मी त्याला हाक मारून दाखविले. तो खाली बसला, हात फिरविला, आणि बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, ‘‘एकटा असताना असं होत नाही.’’

हे मात्र खरे होते. तो नेहमी एकटाच गाडी चालवी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. उजवी बाजू चार महिने जवळजवळ रिकामीच होती. त्या रात्री तिथे मी बसले, मांडीवर भाजणी बसली, डावे वळण आले म्हणजे गाडीचा भार उजवीकडे झुकला, आणि कमानीच्या आत दुमडलेली पत्र्याची कड सुरीसारखी टायरवर उतरली. त्याआधीही मोठ्या खड्ड्यात ती थोडी थोडी लागत असली पाहिजे. रेडिओ सुरू असल्यावर असे आवाज ऐकू येत नाहीत.

‘‘मी कड वर ठोकून घेतो,’’ तो म्हणाला आणि आतून बेसबॉलची बॅट घेऊन आला. टायर आणि कमान यांमध्ये बॅट सारून, गाडी हळूहळू ढकलीत ती कड सपाट करण्याची तिकडे एक गावठी रीत आहे. पुढच्या डाव्या बाजूला त्याने ती जूनमध्ये केलीही होती. तिथला रंग तडकला होता आणि तडकेतून गंजाची तांबूस रेघ डोकावत होती. ही कड वळवावयाची तर आधी रंग पुरेसा गरम करावा लागतो आणि चाकाच्या जागी बसविलेल्या रुळाने ती इंचाइंचाने दाबावी लागते, हे नंतर त्याच्याच पुस्तिकेत मी वाचले.

‘‘आधी काय चुकलं ते पाहू,’’ मी म्हणाले.

‘‘ताई, तू व्याकरण तपास. हे चाक आहे.’’

‘‘चाकावर काय लिहिलंय तेवढं तरी वाचू दे.’’

वाचकहो, दिल्लीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेले मराठीत आणणे हा माझा पोटाचा धंदा. तेव्हा टायरवरची अक्षरे पाहून मला परकेपणा वाटण्याऐवजी ओळखच पटली. 205/50 आर 15. यातला 205 हा रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये. 50 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा पन्नास. ‘आर’ म्हणजे रेडियल. आणि 15 हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत! एका शब्दात तीन भाषा, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. आमच्या कचेरीत असे वाक्य कोणी लिहिले असते, तर परत आले असते. मूळचा टायर होता 185/60 आर 14. मी कागदावर गणित मांडले: जुन्याचा व्यास सुमारे 578 मिलिमीटर, नव्याचा 586. म्हणजे उंचीत फरक फारसा नाही. वेगदर्शक साठाच्या ठिकाणी एकुणसाठ दाखवील, इतकाच.

मग घासते काय? उत्तर रिमच्या पाठीवर होते: ईटी 20. ‘ईटी’ ही एका जर्मन शब्दाची आद्याक्षरे. त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘आत दाबून बसविण्याची खोली’. चाक जिथे बोल्टांनी बसते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, हे तो आकडा सांगतो. आकडा मोठा तितके चाक गाडीच्या पोटात. लहान तितके बाहेर. आपल्या बैलगाडीच्या चाकाचे आस, तुंबा, आरे, धाव असे सगळे अवयव मराठीत आहेत, परंतु या अंतराला शब्द नाही. नसावाच. बैलगाडीच्या चाकावर कमान कुठे असते?

मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि आकडा 45. नवे 8 इंच रुंद आणि आकडा 20. रुंदी वाढली ती दोन्हीकडे वाढते. वर आकडा घटला, म्हणून चाक आणखी बाहेर आले. हिशेब केला तेव्हा रिमची बाहेरची कड सुमारे 57 मिलिमीटर बाहेर सरकलेली निघाली. टायर तितका सरकत नाही, कारण मूळचा अरुंद रिमवर फुगून बसलेला असतो. तरी सव्वा-दीड इंच कोठे गेला नाही. त्यावर गाडी दोन इंच खाली. दुकानदाराने ‘चार बोल्ट, शंभर मिलिमीटर, बसतील’ असे सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. बसली होती.

भाऊ कागदाकडे पाहत राहिला. चाक असे बाहेर आले की खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो, बेअरिंगवर भार वाढतो, हे त्यालाही जाणवत होते. त्याने ते ‘स्पोर्टी’पणाच्या खात्यावर मांडले होते.

त्या दिवशी आम्ही एक मागचे चाक काढले. त्या बाजूचा स्प्रिंगही काढला, चाक पुन्हा चढविले, आणि जॅकने ते थेट कमानीत, शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेके तोवर वर नेले. गाडी मोठ्या खड्ड्यात आदळली म्हणजे चाक जिथपर्यंत जाते, ती ही जागा. ही तपासणी चाके विकत घेण्यापूर्वी करावयाची असते. लोक नंतर करतात, किंवा करीतच नाहीत. मी विजेरी धरली होती. रिमची कड पत्र्यात रुतलेली स्पष्ट दिसली. त्याच वेळी, गाडीखालून, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, ‘‘माझी नोकरी गेलीय. तीन आठवडे झाले. आईला सांगू नकोस.’’

ज्यांची मुले तिकडे कामाच्या व्हिसावर आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. नोकरी सुटल्यापासून दुसरी मिळवावयास साठ दिवस. नाहीतर देश सोडावा लागतो. एकवीस गेले होते. रात्री झोप लागेना, म्हणून तो एकटाच गाडी घेऊन भटकत असे, त्या टायरवर. मी विजेरी हलू दिली नाही. एवढेच म्हणाले, ‘‘आता दुसरी बाजू पाहू.’’

रुंद चाके त्याने एका शौकिनाला, काय दोष आहे ते सांगून, विकली. त्या पैशांत 7 इंच रुंदीची, ईटी 35 ची जुनी चाके आली. त्यांवर 195/50 आर 15 टायर. त्यांचा व्यास 576, म्हणजे मूळच्याहून केवळ दीड-दोन मिलिमीटर कमी. भारांक मूळचाच 82, एका टायरवर 475 किलो. हा आकडा उतरू देऊ नये. रुंदीच्या मोहात पुष्कळांचे तिकडे लक्ष नसते. गाडीचा हब 54.1 मिलिमीटर जाडीचा. जुन्या चाकांचे मधले भोक मोठे, म्हणून मध्ये बसणाऱ्या कड्या घेतल्या, नाहीतर चाक थरथरते. उंची बदलता येणारे शॉक अॅब्सॉर्बर एका मित्राने उसने दिले, त्यांनी गाडी इंचभर वर घेतली. नट ताणून बसविले आणि पन्नास मैलांनंतर पुन्हा ताणले. मूळची 14 इंची चाके तळघरात गुंडाळून ठेवली. गाडी विकावयाची वेळ आलीच, तर ती लागणार होती.

येथे, आपल्याकडच्या तरुण वाचकांसाठी, एक कंसातली गोष्ट. भारतात मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावले. तेव्हा रिम घेण्यापूर्वी आरटीओत विचारावे, विमा कंपनीलाही.

मी परत निघाले त्या पहाटे मोठी बॅग पुन्हा मित्राकडे, लहान माझ्या मांडीवर. भाजणी संपली होती; तिच्या जागी आईसाठी घेतलेले दोन स्वेटर. तो पूल आला. दोघेही गप्प बसलो. भावाने रेडिओ बंद केला. जोडावर गाडी उसळली, आणि फक्त टायरांचा ठक् ठक् असा आवाज आला.

एक्कावन्नाव्या दिवशी त्याला नोकरी मिळाली. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. महिन्याभराने त्याने गाडीशेजारी उभे राहून काढलेला फोटो पाठविला. मी तो आईला दाखविला. चाके किती नीट बसली आहेत, कमानीत आता दोन बोटे जातात, असे मी तिला सांगू लागले. तिने चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ धरला.

‘‘किती वाळलाय गं,’’ ती म्हणाली. ‘‘काय झालं होतं याला?’’