थांबलेली घड्याळे

दुपारी बाबांना मातीच्या स्वाधीन करून आम्ही घरी परतलो आणि त्याच सायंकाळी त्यांच्या टेबलावरील घड्याळे एकामागून एक थांबू लागली. कमानीच्या घड्याळास एकदा किल्ली दिली म्हणजे ते सुमारे दीड दिवस चालते. आदल्या सकाळी सात वाजता बाबांनी नेमाप्रमाणे साऱ्यांना किल्ली दिली होती. रात्री झोपेतच त्यांना देवाज्ञा झाली. घरात पाहुणे होते, जपमाळ चालली होती, म्हणून प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. दिवा मालवल्यावर मात्र खोली किती निःशब्द झाली आहे हे मला कळले.

बेळगावच्या खडेबाजारात 1964 साली त्यांनी घड्याळदुरुस्तीचे दुकान मांडले. दुकान कसले, जिन्याखालची जागाच ती! एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर बशीत पेट्रोल, आणि त्यात बुडवलेली चक्रे. एच.एम.टी.चा बेंगळूरचा घड्याळांचा कारखाना 1961 साली जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने निघाला होता आणि त्या 'जनता' घड्याळांवर आमचे घर पुढे कित्येक वर्षे चालले. 'जनता'चे चक्र सेकंदास पाच ठोके देते, म्हणजे दिवसाकाठी चार लाख बत्तीस हजार. हा गुणाकार मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून पाटीवर केला होता. "आता सांग, ते बिचारे थकणार नाही का?" असे ते म्हणाले होते. बंद पडलेले घड्याळ बहुधा मोडलेले नसते, आतले तेल सुकलेले असते, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. बेळगावच्या पावसाळ्यात तर दमट हवेने काचेच्या आत धुके धरे. तेव्हा दुकानात बसायलाही जागा नसे.

पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली, मग मोबाइल. गिऱ्हाईक आटले. 2016 च्या जानेवारीत एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी जागामालकाने भाडे वाढविले, आणि दुकान बंद करा म्हणून मी बाबांच्या मागे लागले. "आणखी एक वर्ष राहू दे, बाय," एवढेच ते म्हणाले. मी नोकरी करणारी, हिशेब जाणणारी. मी त्यांस जमाखर्च मांडून दाखविला. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि दुसऱ्या दिवशी फळ्या लावून किल्ली माझ्या हाती दिली. हिशेब माझा चुकला नव्हता. पण त्या दिवसापासून ते जेवताना बोलेनासे झाले, आणि ते बोलत नाहीत याचा मी कधी उल्लेख केला नाही.

टेबल मात्र त्यांनी घरी खिडकीशी आणले. कोणी कोणी येत, घड्याळ ठेवून जात. काही परत आलेच नाहीत. अशी अकरा घड्याळे बाबा रोज चालती ठेवीत.

महिन्याची मिस्सा झाली त्या सकाळी खानापूरकडील एक वृद्ध गृहस्थ दारात उभे राहिले. हातात बाबांच्या अक्षरातील चिठ्ठी. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. ऐकून ते पायरीवरच बसले. घड्याळ 1972 साली लग्नात मिळालेले, 'जनता'च. डब्यात सापडले. सोबतच्या कागदावर लिहिले होते : 'साफ केले. तेल घातले. कमान नवी. रु. 60.' मी किल्ली दिली. चालू झाले. ते कानाशी धरून गृहस्थ बराच वेळ बसून राहिले.

पैसे नकोत असे ओठांवर आले होते. पण केलेल्या कामाची मजुरी सोडणे बाबांना कधी रुचले नसते. साठ रुपये मी घेतले.

तीर्थरूप बाबा, ती तुमची शेवटची कमाई तुमच्या भिंगाच्या डबीत ठेवली आहे. दुकानाविषयी बोलायचे होते ते मी दफनभूमीत बोलले, पण तेव्हा माणसे माती ओढीत होती आणि पाऊस लागला होता. उरलेल्या दहांना आता मी सकाळी सात वाजता किल्ली देते. त्यांतले एक दिवसाला चार मिनिटे मागे पडते; ते कसे दुरुस्त करावे, हे तुम्हांला विचारायचे राहून गेले.