फोनवर सांगितलेली कमांड

व्हर्च्युअल मशीनवर लिहायचं म्हटलं की निम्मे वाचक पळ काढतात आणि उरलेले म्हणतात, व्हर्च्युअलबॉक्स टाक, चार वेळा नेक्स्ट दाब, झालं की! बरोबर आहे. मीही एरवी तेच सांगतो. पण २०२४ च्या सप्टेंबरात मंगळवेढ्याहून अण्णांचा फोन आला आणि त्या शनिवारी कळलं की माऊस फोनवरून सांगता येत नाही, कमांड सांगता येते.

अण्णा म्हणजे माझे चुलते. त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मंगळवेढा हे ज्वारीचं गाव. इथल्या काळ्या रानातल्या मालदांडीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, पण शाळूची भाकरी खाणाऱ्याला ते सरकारी कागद नसतानाही माहीत होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी. बियाणं, खत उधारीवर जातं आणि सुगी झाली की पैसे येतात. म्हणजे पेरणीच्या तोंडावर जुनी बाकी कुणाची किती, हे दुकानदाराला ठाऊक पाहिजे आणि शेतकऱ्यालाही. आणि नेमका तेव्हाच दुकानातला कॉम्प्युटर गेला. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली ती जरा जास्तच आली. मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क शाबूत.

डिस्क शाबूत आहे मग अडचण काय? अडचण अशी की हिशेबाचा प्रोग्रॅम कुणीतरी वर्षांपूर्वी लिहून दिलेला. त्याची डेटा फाईल फक्त त्यातच उघडते, इन्स्टॉलरची सीडी केव्हाच गहाळ, आणि लिहिणाऱ्याचा फोन लागत नाही. म्हणजे फाईल कॉपी करून भागणार नव्हतं. ते जुनं विंडोज जसंच्या तसं जिवंत करायला हवं होतं.

एका रिपेअरवाल्यानं डिस्क काढून आपल्या जुन्या मशीनला लावून बघितली. "बूटेबल डिव्हाइस नाही म्हणतंय, डिस्क गेली. फॉरमॅट मारून देऊ का?" (फॉरमॅट मारणे हा आपल्याकडचा सर्वरोगहर काढा आहे. असो.) नशिबानं अण्णा म्हणाले, थांबा, पुतण्याला विचारतो.

डिस्क गेली नव्हती. ते मशीन जुन्या बायोसचं होतं आणि डिस्कवरचं विंडोज यूईएफआयवालं. बायोसची गोष्ट १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा, त्याच्या शेवटी ठराविक खूण असली की त्यातला कोड चालवायचा, एवढंच त्याला कळतं. यूईएफआयचं मूळ इंटेलच्या आयटेनियमसाठी नव्वदच्या दशकाच्या शेवटी केलेल्या ईएफआयमध्ये. २००५ मध्ये यूईएफआय फोरम झाला. याला फाईल सिस्टीम कळते. डिस्कवर फॅट प्रकारचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात .ईएफआय शेपटीच्या फाईल्स असतात, आणि कुठली फाईल चालवायची याची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. शेवटचं वाक्य परत वाचा. अण्णांच्या कॉम्प्युटरची ती नोंद मदरबोर्डाबरोबर जळून गेली होती.

मी पुण्यात. दुकानातलं नेट मोबाईलचं, बाहेरून थेट एसएसएच होत नाही. पण अण्णांची सोनू बीएस्सी कॉम्प्युटरला आहे आणि तिच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. पंढरपूरहून एक साटा-टू-यूएसबी केबल आणि एक टीबीची बाहेरची डिस्क मागवली. रात्रभर जुन्या डिस्कची पूर्ण इमेज काढली. मग क्यूईएमयू-आयएमजीनं त्या इमेजवर एक क्यूकाऊ-टू पदर टाकला, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते पदरावर, मूळ इमेजला धक्का नाही. दुसऱ्याच्या हिशेबाला हात लावताना एवढं पाहिजेच.

आता क्यूईएमयू. फाब्रिस बेलारनं २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम अख्खं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. २००७ च्या लिनक्स २.६.२० मध्ये केव्हीएम आलं, आणि प्रोसेसरचीच मदत मिळाल्यावर तो वापरण्याइतका वेगवान झाला. पण पीसी म्हणून तो मुकाट्यानं सीबायोस लावतो, म्हणजे रिपेअरवाल्याचंच मशीन! यूईएफआय हवं असेल तर ओव्हीएमएफ नावाचं फर्मवेअर आपण हातानं द्यायचं. उबुंटूत त्याच नावाचं पॅकेज आहे. ते टाकलं की दोन प्रकारच्या फाईल्स येतात. एक कोड, एक व्हार्स.

माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. कोड म्हणजे फर्मवेअर स्वतः, सगळ्या मशीन्सना सारखंच, फक्त वाचायचं. व्हार्स म्हणजे त्या एका मशीनची आठवण: कुठून बूट करायचं, कुठल्या क्रमानं. रेशनचं दुकान गावाला एक आणि कार्ड घरटी वेगळं, तसं. म्हणून व्हार्सची कॉपी काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ती लिहिता येईल अशी द्यायची. आणि जोडी जुळली पाहिजे, ४एम कोडला ४एमचंच व्हार्स. खऱ्या मशीनमध्ये हे दोन्ही एकाच चिपमध्ये बसलेलं असतं, दिसत नाही. कमांड हातानं लिहिली की दिसतं.

मग स्पीकरवर फोन ठेवून आमचं श्रुतलेखन सुरू झालं.

"मायनस मशीन, स्पेस, क्यू थर्टी-फाइव्ह. मायनस ॲक्सेल, स्पेस, केव्हीएम. मायनस एम, स्पेस, ४जी. मायनस ड्राइव्ह, स्पेस, इफ इक्वल टू पीफ्लॅश, कॉमा, फॉरमॅट इक्वल टू रॉ, कॉमा, रीडओन्ली इक्वल टू ऑन..."

"दादा, कॉमानंतर स्पेस द्यायची का?"

"नाही!"

"पेपरात तर कॉमानंतर स्पेस दिली नाही म्हणून मार्क कापले होते."

दुसरी ड्राइव्हही पीफ्लॅश, पण रीडओन्ली नाही. तिसरी तो पदर, आणि ती साध्या साटा डिस्कसारखी दिली. व्हर्टिओ वेगवान असतं, पण जुन्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि ते निळा चेहरा करून बसतं. मायनस निक नन देऊन नेटवर्क कार्ड काढूनच टाकलं, नाहीतर ओव्हीएमएफ आधी नेटवर्कवरून बूट करायला वाट बघत बसतं.

एंटर. टियानोकोरचा लोगो आला. थोडा वेळ गेला आणि विंडोजऐवजी पिवळ्या अक्षरांत "शेल" असं काहीतरी. पलीकडून अण्णा, "गेलं का?"

गेलं नव्हतं. नवं व्हार्स कोरं होतं. नोंद नसली की फर्मवेअर एका ठराविक जागी बूटएक्स६४ नावाची फाईल शोधतं, ती या डिस्कवर नव्हती. "एफएस झिरो कोलन, एंटर. एलएस. ईएफआय फोल्डर दिसतंय?" दिसत होतं. त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट, त्यात बूटएमजीएफडब्ल्यू डॉट ईएफआय. नाव टाईप केलं, एंटर, आणि गोल फिरणारे ठिपके आले. सोनू ओरडली ती पुण्यापर्यंत फोनशिवाय ऐकू आली असती :) पुढच्या वेळी हा खटाटोप नको म्हणून नंतर शेलमध्येच बीसीएफजी कमांडनं ती नोंद घातली. ती गेली व्हार्स फाईलमध्ये. जळालेल्या मदरबोर्डावरची आठवण आता एका छोट्या फाईलमध्ये होती, कॉपी करता येईल अशी. (बिटलॉकर लावलेलं नव्हतं हे नशीब. त्याची किल्ली जळालेल्या बोर्डावरच राहिली असती. तुमच्याकडे ते चालू असेल तर रिकव्हरी की आज कागदावर लिहून ठेवा, हे वाचून झाल्यावर नको.)

विंडोज कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा म्हणत होतं. त्याच्याकडे दुर्लक्ष करून आम्ही सगळी खाती छापून घेतली. लायसन्स जुन्या मशीनचं होतं, तेव्हा कायम याच्यावर दुकान चालवायचा विचार नव्हताच.

त्याच आठवड्यात एक शेतकरी दुकानात अडून बसले होते. त्यांचं म्हणणं, मार्चमध्ये सगळे पैसे दिलेत. अण्णांना आठवत नव्हतं, कच्च्या वहीत बाकी दिसत होती, आणि बाकी असताना नवं बियाणं द्यायचं की नाही हा प्रश्न. दोघंही खोटं बोलणारे नाहीत, म्हणून जास्त अवघड. छापलेल्या कागदात १९ मार्चची जमा निघाली, पूर्ण रकमेची. सोनूच्या हातून पावती निघाली होती आणि कच्च्या वहीत चढली नव्हती. अण्णा स्वतः त्यांच्या घरी जाऊन कागद दाखवून आले. हे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं आणि विठोबानं विठू महार होऊन बेदरला पैसे भरले, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. त्या कथेत देवसुद्धा पैसे भरल्याची पावती घेतो, हे अण्णांनी त्या दिवशी मला दोनदा सांगितलं.

ती कमांड सोनूनं एका स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे, शिवाय कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर शाईनं लिहून काढली आहे, कॉमानंतर स्पेस न देता. स्क्रिप्ट, पदर आणि व्हार्स यांची एक कॉपी पेन ड्राइव्हवर माझ्याकडे पुण्यात असते. दिवाळीपर्यंत सगळी खाती साध्या स्प्रेडशीटमध्ये आली. नव्या कॉम्प्युटरला यूपीएस लावला आहे, आणि रिपेअरवाले आता सोनूला विचारतात, ते ओव्हीएमएफ की काय ते कुठे मिळतं.