धूसर हात

आमच्या मेहकरच्या घरीं पणजीची एकच तसबीर आहे; फिरत्या फोटोग्राफरानें वाड्याच्या अंगणांत पडदा टांगून काढलेली. तींतील मुद्रा इतकी कठोर, कीं बाळपणीं आम्ही तिला भीत असूं.

१८५१ च्या रीतींत कांच ओली असतांनाच चित्र घेऊन धुवावें लागे. सबब काळोखाचा तंबूही गाडींत न्यावा लागे. १८७१ सालीं कोरड्या कांचेची युक्ति निघाली व पुढें हें ओझें टळलें; तरी सावलींत बसणारास कांहीं क्षण निश्चल राहावें लागेच. हंसूं तितकें टिकेना. पणजीची मुद्रा अशीच आवळली असावी.

मांडीवरचें मूल, म्हणजे आमचे आजोबा, आणि त्यांस सांवरणारा तिचा उजवा हात मात्र धूसर उमटले आहेत. तिची माया आम्हांस कळली ती त्या हातावरून.