मागचं झाकण

चितेगावात टीव्हीचं मागचं झाकण उघडायला कुणी बिचकत नसे. पैठण रस्त्याने नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे टाकली की पुढे आमचं गाव लागतं. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना इथलाच, आणि त्याच्या आगेमागे सुटे भाग करणारी लहानसहान युनिटं. आमच्या गल्लीत कुणी सोल्डरिंगला, कुणी टेस्टिंगला, कुणी पॅकिंगला. शेजारच्या काकू सोल्डरिंगच्या लाइनवर होत्या. पाहुण्यांच्या घरी टीव्ही खरखरला तर चहा उकळेपर्यंत त्या झाकण काढून, आत डोकावून, ‘ड्राय सोल्डर आहे, डाग मारा’ असं सांगून मोकळ्या होत.

मी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, इथल्याच एका युनिटात टेस्टिंगला होतो. झाकण उघडलं की पहिलं काम पिक्चर ट्यूबचा चार्ज उतरवायचं. रंगीत टीव्हीच्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केला तरी ते काही काळ आत दबा धरून बसतात. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला वायर गुंडाळायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या अर्थिंगच्या पट्टीला लावायचं आणि रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच सरकवायचं. चट् असा आवाज झाला की हात घालायला मोकळे. मग टॉर्चचा उजेड पाडून पीसीबीवरचा एकेक डाग बघायचा. जुन्या बऱ्याच सेटांच्या पुस्तिकेत सर्किटचा नकाशा घडी घालून ठेवलेला असे. तो पसरला की कुठून करंट येतो आणि कुठे अडतो हे बोटाने धरून जाता यायचं. बनवणाऱ्याने आपल्यासाठी एक वाट मोकळी ठेवली आहे, असं तो नकाशा बघताना वाटायचं.

घरात पहिला संगणक आला तो शहरातल्या सिडकोच्या कॅनॉट बाजारातून घेतलेला, जुना, असेम्बल केलेला. त्याचं कॅबिनेट मी पहिल्याच रात्री उघडलं. रॅमच्या पट्टीला खोडरबर मारला, एसएमपीएसचा पंखा साफ केला, बायोसचा सेल बदलला. इथवर सगळं ओळखीचं होतं. पण पडद्यावर जे चालत होतं त्याला स्क्रूच नव्हते. एखादा प्रोग्राम अडखळला की एक निळी पाटी यायची, तिच्यावर एक आकडा, आणि पुढे सगळा अंधार. विचारावं तर उत्तर एकच: ‘फॉरमॅट मारा, विंडोज परत टाका.’ आमच्याकडे कुणी मेकॅनिकने ‘टीव्ही फेका, नवा आणा’ असं सांगितलं असतं तर त्याला गल्लीत पुन्हा कुणी बोलावलं नसतं. संगणकाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं मान हलवून पैसे देत होती. हे मला फार खुपत राहिलं.

मग रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक हाती लागलं. त्यासोबत लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या प्रणालीची, सीडी असायची. पुढे उबुंटू या लिनक्सच्याच एका रूपाच्या सीड्या टपालाने मागवता येतात असं कळलं. नाव-पत्ता कळवायचा, आणि काही आठवड्यांनी पोस्टमन जाड पाकीट आणून द्यायचा. एक पैसा नाही, उलट ‘कॉपी करा, मित्रांना द्या’ असं आर्जव. आमच्या भागात कॉपी केलेल्या सीड्यांना तोटा नव्हता, पण त्या लपूनछपून, पेनने नाव लिहिलेल्या. ही उजळ माथ्याने द्यायची वस्तू होती. 2011 मध्ये त्यांनी सीड्या पाठवणं थांबवलं. तोवर माझ्याकडची पाकिटं दोन शाळा आणि कित्येक घरं फिरून आली होती.

लिनक्सवर माझं मन बसलं ते मात्र फुकटपणामुळे नव्हे. संगणकाला आवाज येत नव्हता, म्हणून मी साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची मूळ फाइल उघडली. सी भाषा मला तोडकीमोडकीच येत होती. पण मधेमधे माणसाच्या बोलण्यातल्या ओळी होत्या. ही चिप सुरू झाल्यावर लगेच उत्तर देत नाही, म्हणून इथे थोडं थांबावं लागतं, अशा अर्थाची एक टीप एकाने लिहून ठेवली होती. खाली दुसऱ्याने लिहिलं होतं की अमुक बनावटीच्या कार्डावर एवढं थांबणं पुरत नाही. मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसलो. माझ्याआधी कुणीतरी हेच झाकण उघडून, हाच डाग बघून गेलं होतं, आणि मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवून गेलं होतं. सर्किटचा नकाशा परत सापडला.

मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळही दुरुस्तीच्याच अडचणीतून निघाली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. तिथल्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी असा सुधारला होता की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संदेश जाई. 1980च्या सुमारास नवा लेसर प्रिंटर आला. त्यातही कागद अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्राम मिळेना. तो ज्यांच्याकडे होता त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या माणसाने गुप्ततेचा करार केला होता, त्यामुळे त्याने नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. 1983 मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1989 मध्ये जीपीएल हा परवाना आणला, आणि 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी त्या परवान्याखाली आला. चालवा, आत बघा, वाटा, बदला, एवढे चार हक्क. त्यातला दुसरा हक्क माझ्या लेखी सगळ्यांत मोठा, कारण तो नसेल तर बदलणार काय?

आमच्या गावाची लोडशेडिंगची वर्षंही यातच मिसळली आहेत. फाइल लिहिता लिहिता वीज गेली की जुन्या पद्धतीच्या डिस्कवर निम्मं लिहिलेलं, निम्मं कोरं असा घोळ व्हायचा आणि परत चालू करताना तपासणीतच बराच वेळ जायचा. लिनक्समध्ये 2001 साली ईएक्सटी3 ही फाइल-व्यवस्था आली तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. ती काय करते, तर व्यापारी आधी रोजमेळात टिपून मग खतावणीत नोंद करतो तसं आधी ‘मी अमुक बदल करणार आहे’ असं एका जागी लिहिते आणि मग तो बदल करते. मधेच वीज गेली तर परत आल्यावर फक्त ती टिपणं बघायची. पुरी नोंद असेल तर पुढे न्यायची, अर्धवट असेल तर सोडून द्यायची. हे समजलं त्या दिवशी मी आमच्या किराणा दुकानदारांना पाच मिनिटांत ते समजावू शकलो. त्यांनी विचारलं, ‘मग आधी असं का नव्हतं करत हे लोक?’ प्रश्न रास्त होता.

पिक्चर ट्यूबचा जमाना संपला, 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांचे हात नुसत्या स्पर्शाने बिघाड ओळखत, ती माणसं कुणी वाळूजला, कुणी रिक्षावर, कुणी शेतावर गेली. आता माझ्याकडे लोक येतात ते जुने संगणक घेऊन. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित मदत बंद झाली. नव्या आवृत्तीला हवी ती सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर या यंत्रांत नाही. यंत्र धडधाकट, आणि मालकाला सांगितलं जातं की हे टाकून द्या. मी त्यावर लिनक्स मिंट नाहीतर डेबियन टाकून देतो. आधी मात्र विचारतो की काम काय करता. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्याला, जुन्या फॉन्टात लग्नपत्रिका करणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो की तुमचं इथे अडेल. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, सोसायटीचे जमाखर्च, यांना लिबरऑफिस पुरेसं आहे. लोक विचारतात, किती घेणार? कुणाच्या घरी जावं लागलं तर तेवढे पेट्रोलचे घेतो. आणि मुलगा-मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवून रॅम त्यांच्याच हाताने काढायला लावतो.

जुन्या फॉन्टांची गोष्ट निघालीच आहे, तर तिथे थांबतो, कारण गेली काही वर्षं माझा जीव त्यातच गुंतला आहे. गावच्या भजनी मंडळाने नव्वदीत शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून अभंगांचं पुस्तक करून घेतलं होतं. पुस्तकं जीर्ण झाली, फाइल मात्र एका सीडीत शिल्लक होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. मंडळाचे बुवा पाठीमागे उभे होते. ‘हे काय? आमचे तुकोबा कुठंयत याच्यात?’

होते, पण वेगळ्या वेषात. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. अर्धा ख एका जागी, त्याचा दांडा दुसऱ्या. म्हणून आधी कोणत्या चिन्हाला कोणता तुकडा याचा तक्ता केला. अवघड भाग त्यानंतरचा. ‘भक्ति’ लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती क्-च्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून तिला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून त-च्या नंतर न्यावं लागतं. रफाराचं उलट. ‘सर्व’मधला रफार दिसतो व-च्या डोक्यावर, त्यामुळे जुन्या फाइलमध्ये तो शेवटी असतो, आणि त्याला मागे ओढून व-च्या आधी बसवायचं. पायथन भाषेत याचा छोटासा प्रोग्राम लिहिला. एका रात्री पहिलं पान नीट उमटलं. अक्षरं लोहित फॉन्टाची, रेड हॅटने 2004 मध्ये खुली केलेली. बुवांनी चष्मा पुसला आणि पडद्यावरूनच चाल धरली.

या फाइलमध्ये शब्द शोधायला गेलो तेव्हा आणखी एक गाठ दिसली. ‘वारकऱ्यांचा’ हा शब्द डोळ्यांसमोर आहे, पण शोधला की काही ठिकाणी सापडतो आणि काही ठिकाणी नाही. बारकाईने बाइट तपासले. ऱ्या हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतं: एक, नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, आणि ही शिफारस केलेली रीत. दुसरी, साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. ही 1996 च्या युनिकोड 2.0 पासून चालत आलेली आणि जुन्या मजकुरासाठी अजून मान्य असलेली. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखी, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. माझ्या फाइलमध्ये काही अभंग मंडळातल्या मुलांनी मोबाइलवरून नव्याने टाइप करून घातले होते, त्यामुळे दोन्ही रीती एकत्र आल्या होत्या. सगळं एका रीतीत आणणारी ओळ प्रोग्राममध्ये घातली आणि तो जीपीएलखाली खुला करून टाकला. काही महिन्यांनी लातूरकडच्या एका शिक्षकांची दुरुस्ती आली. त्यांच्या फाइलमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह होतं, ‘सर्वांचा’मधलं. माझ्या पुस्तकात ते कुठे आलंच नव्हतं. त्यांनी ते सोडवलं, खाली आपलं नाव आणि तारीख घातली. आम्ही एकमेकांना अजून पाहिलेलं नाही.

हे काम करताना नाथमहाराजांची फार आठवण येते. पैठण आमच्या याच रस्त्याच्या शेवटाला. 1290 मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली जाता जाता तिच्यात पाठ घुसले, ओव्या मिसळल्या. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 म्हणजे 1584 मध्ये, एकनाथांनी ती शुद्ध केली, आणि यात कुणी आपल्या पदरची ओवी मिसळू नये असं बजावून ठेवलं. पोथीत बदल केला की तो कुणी, कधी केला याचा माग राहत नसे, म्हणून त्यांना तसं बजावावं लागलं असणार, असं मला वाटतं. 1991 च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत कलमच आहे: बदल कर, पण बदल केल्याची ठळक नोंद तारखेसह कर. आणि 2005 मध्ये टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेलं गिट हे साधन ती नोंद आपोआप ठेवतं. मूळही राहतं, बदलही राहतो, आणि बदलणाऱ्याचं नावही.

मंडळाची फाइल मी गिटमध्ये ठेवली आहे. एका अभंगाच्या तिसऱ्या चरणावरून बुवा आणि मृदंगवाले आण्णा यांच्यात जुना वाद आहे. बुवा गुरूंकडून शिकले तसं म्हणतात, आण्णा आईकडून ऐकलं तसं. दोघांचंही म्हणणं फाइलमध्ये आहे, कुणाकडून ऐकलं त्यासकट. ते बघून आण्णा म्हणाले, ‘माझ्या आईचं नाव घातलंस? मग बुवाचं राहू दे वर, माझी हरकत नाही.’ बुवा म्हणतात वर आण्णांच्या आईचंच घ्या. छपाई नाथषष्ठीच्या आत व्हायला हवी, आणि अनुक्रमणिकेचं काम अजून बाकी आहे.