सुंठीची परीक्षा

आपल्या घरांत ओलं आलं वर्ज्य, सुंठ मात्र चालते. ओला कंद अनंतकाय, वाळला की अचित्त, हे लहानपणापासून ऐकलेलं. परवा प्रयोगशाळेत काम करणारी भाची म्हणाली, "मावशी, आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं. पेशींवरच्या प्रयोगांत सूज दाबायला ते जास्त जोरकस दिसतं." आईला कोण आनंद! "मग गुडघ्याची गोळी कशाला? सुंठच घेते की."

म्हणून भाचीला खोदून विचारलं, ही परीक्षा होते तरी कशी?

मॅक्रोफेज म्हणजे रोगजंतू गिळणाऱ्या पेशी. त्या ३७ अंशांवर वाढवतात. मग काही जिवाणूंच्या आवरणातला एक घटक घालून त्यांना चिडवतात. चिडल्या की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. दुसऱ्या दिवशी वरच्या द्रावात ग्रीसचं रसायन घातलं की गुलाबी रंग येतो. अर्क घातलेल्या खळग्यात गुलाबी फिका पडला, तर अर्कानं पेशी शांत केल्या म्हणायचं. पण मेलेली पेशीही शांतच असते! म्हणून पेशी जिवंत आहेत का, हे वेगळं तपासतात. नाहीतर विषालाच औषध म्हणून बसू.

आईला मी एवढंच सांगितलं, "ताटली म्हणजे गुडघा नव्हे. तिथं अर्क थेट पेशीवर पडतो. तुझी सुंठ पोटात पचणार, यकृतातून जाणार, सांध्यापर्यंत किती पोचणार? सुंठ घे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नकोस." तिनं मान हलवली, पण मनातून पटलं नसावं.

माझ्या मनात मात्र वेगळंच घोळत राहिलं. उंदराच्या पंजात कॅरेजिनन टोचून सूज मोजायची पद्धत १९६२ पासूनची. पेशी आल्या, तेव्हा वाटलं, तेवढी हिंसा तरी टळली. पण या कामात नेहमी वापरतात त्या 'रॉ २६४.७' पेशी मुळात एका उंदराच्या गाठीतल्या. त्यांना वाढवायला बहुधा लागतो तो सीरम गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेला. सीरमविना पेशी वाढवणारे द्रावही आता निघालेत, हाच काय तो दिलासा.

आपण पाणी गाळून पिणाऱ्या बायका. बाटलीवर 'शुद्ध वनस्पतिजन्य' वाचलं की निर्धास्त होतो. ते कशावर पारखलं, हेही विचारायला नको का?