पाय टेकतात का?

"मॅडम, कुणासाठी बघताय?"

शोरूममधल्या मुलाचा पहिला प्रश्न. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट, सोबत कुणी नाही, तरीही! "माझ्यासाठी," मी म्हटलं. तो जरा ओशाळला आणि मग त्याने दुसरा प्रश्न टाकला, "मग आधी बसून बघा. पाय टेकतात का?"

पहिल्या प्रश्नाचा राग आला. पण घोडं अडलं ते दुसऱ्यापाशी.

समोर उभी होती रॉयल एन्फिल्डची हिमालयन. २०१६ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा ४११ सीसीची होती. २०२३च्या अखेरीला आली ती ४५२ सीसीची, लिक्विड कूल्ड. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, वजन १९६ किलो. आता माझा बायोडेटा : उंची पाच फूट एक इंच, वजन ५१ किलो. टांग टाकून बसले. डाव्या पायाचा अंगठा कसाबसा फरशीला लागला, उजवा पाय हवेत. झोपाळ्यावर बसवलेल्या पोरीसारखी दिसत असणार मी!

तरी उतरावंसं वाटत नव्हतं, हेही खरं.

गिअरची गाडी मला नवी नाही. कॉलेजात असताना बाबांची स्प्लेंडर मीच जास्त चालवली. पण नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि गेली पाच वर्षं स्कूटर एके स्कूटर. सध्या एका ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर आहे. घर सिंहगड रोडला, ऑफिस बाणेरला. म्हणजे रोज नवले पूल, वारजे, चांदणी चौक. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर. हा रस्ता ज्यांच्या नशिबात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

मग ही हत्तीएवढी बाइक कशाला? लेहला जाऊन फोटो काढायला? खरं सांगू? निम्मं कारण तेच. मागे बर्फाचे डोंगर, बाइकवर बांधलेल्या बॅगा, चेहऱ्यावर धूळ. असा आपला एक फोटो असावा, हे माझ्या डोक्यात कधीचं आहे. ते नाकारून सभ्यपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

उरलेलं निम्मं कारण आत्या.

आत्या वेल्ह्याच्या पुढे एका वाडीत राहते. आतोबा गेल्यापासून एकटीच. पुण्याला ये म्हटलं की म्हणते, "म्हशीला कोण बघंल?" महिन्यातून एका रविवारी मी जाते. तिच्या बीपीच्या गोळ्या, चहा पावडर आणि गप्पा घेऊन. खानापूरवरून पाबे घाट उतरायचा, वेल्हं गाठायचं. डांबर संपलं की शेवटचे पाच किलोमीटर कच्चा रस्ता. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात लाल चिखल आणि मध्ये एक ओढा. स्कूटरची इवलीशी चाकं तिथे काय करणार? पावसाळ्यात मी ती डांबर संपतं तिथल्या शाळेपाशी लावते आणि चालत जाते.

गेल्या श्रावणात तेही जमलं नाही. निघायला उशीर झाला होता, पाऊस कोसळत होता. म्हटलं, चालत गेले तर परतताना अंधार होईल, स्कूटरच घालू पुढे. पहिल्याच उतारावर पुढचं चाक सरकलं आणि मी चिखलात. लागलं काही नाही. पण पाच मिनिटं तिथेच उभी राहिले आणि गाडी वळवून परत आले. वाडीत रेंज नसते, त्यामुळे कळवता आलं नाही. नंतर समजलं, आत्या पुरणपोळ्या झाकून रात्री नऊपर्यंत ओट्यावर बसली होती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "रस्ताच तसा हाय गं."

त्या रात्रीपासून बाइक डोक्यात बसली.

आता आपण शिकलेली माणसं. निर्णय घ्यायचा म्हणजे आधी हिशेब. एक्सेल उघडलं. ऑफिसचे महिन्याला २२ दिवस धरले तर वर्षाला साधारण ८,४५० किलोमीटर. आत्याकडच्या बारा फेऱ्या, दर फेरी साधारण ११० किलोमीटर, म्हणजे १,३२०. आणि त्यातला कच्चा रस्ता? फेरीला दहा, वर्षाला १२०. एकूण पावणेदहा हजारांमध्ये फक्त १२०! शंभर किलोमीटर चालवले तर त्यात मातीचा रस्ता जेमतेम सव्वा किलोमीटर. तेवढ्यासाठी एवढी गाडी?

पैशांचं गणित आणखी मजेशीर. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यावरच्या बाइकला थेट ४० टक्के लागला. म्हणजे माझं मन जिच्यावर बसलं होतं ती नेमकी महागाच्या रांगेत. दोन लाख कर्ज काढलं, दहा टक्के व्याज आणि तीन वर्षं मुदत धरली, तर हप्ता साधारण ६,४५० रुपये. ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांना यात काही वाटणार नाही. आमचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी येतं आणि तेही चार वेळा आठवण करून दिल्यावर. हप्ता मात्र वेळेवर जातो. हप्ता सुरू झाला की नको असलेल्या कामालाही 'हो' म्हणावं लागणार. ज्या स्वातंत्र्यासाठी बाइक घ्यायची, तेच त्या बाइकच्या टाकीत ओतायचं!

आई शांतपणे म्हणाली, "आत्याकडेच जायचंय ना? मग एसटी आहे की." आईला हरवणं कठीण असतं.

तरीही एक गोष्ट केली, आणि तुम्ही अशा विचारात असाल तर तुम्हीही करा. शोरूमच्या दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर विसंबू नका. कुणाची तरी गाडी आठवडाभर मागून घ्या. माझ्या एका मित्राकडे २०१९ची हीरो एक्सपल्स २०० आहे. सीट ८२३ मिलिमीटर, म्हणजे उंची जवळपास तीच. पण वजन १५४ किलो. हिमालयनपेक्षा ४२ किलो कमी, म्हणजे सातवीतला एक मुलगा मागून उतरल्यासारखं. शिवाय सीट अरुंद, त्यामुळे एका बाजूला जरा सरकलं की डावा चवडा टेकतो.

या गाड्या उंच का असतात, हेही तेव्हाच नीट कळलं. त्यांचं सस्पेन्शन जास्त खाली-वर होतं, दगड लागू नये म्हणून इंजिन जमिनीपासून वर ठेवलेलं असतं. एक्सपल्सचं ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर आहे. पुढचं चाक २१ इंची, म्हणून ते खड्ड्यात पडत नाही, त्यावरून जातं. ही सगळी उंची शेवटी सीटला येऊन मिळते. मेकॅनिककडून सस्पेन्शन बसवून गाडी खाली घेता येते, पण मग तिचं पोटही खाली येतं. म्हणजे ज्याच्यासाठी घेतली तेच गेलं.

सोमवार, मंगळवार ऑफिसला जाताना मी हवेत. वारज्याचे खड्डे गायब, स्पीडब्रेकर गायब, गाड्यांच्या टपावरून पुढचं सगळं दिसतंय. बुधवारी लक्षात आलं की हॅण्डल रुंद आहे. स्कूटर जिथून सुळकन जाते तिथे रिक्षाचा आरसा आडवा येतो. गुरुवारी क्लच दाबून डावं मनगट दुखायला लागलं. प्रत्येक सिग्नलला पाय कुठे ठेवायचा हे आधी बघावं लागतं. शुक्रवारी पाऊस आला आणि डिकीची आठवण आली! रेनकोट, डबा, येताना घेतलेली भाजी, सगळं स्कूटरच्या पोटात मावतं. इथे मेथीची जुडी गळ्यात अडकवून चांदणी चौक पार केला.

रविवारी आत्याकडे निघाले. डांबर संपलं आणि गाडीला आपलं घर दिसल्यासारखं झालं. फूटरेस्टवर उभी राहिले, गुडघे टाकीला लावले, हात सैल सोडले. ज्या उतारावर स्कूटर सरकली होती तो फर्स्ट गिअरमध्ये, पुढचा ब्रेक जवळजवळ न लावता उतरले. ओढाही पार केला. ओरडावंसं वाटलं. ओरडलेही.

आणि मग समोरून चार म्हशी आल्या. थांबले. सवयीने डावा पाय खाली सोडला, पण त्या बाजूला रस्ता उताराचा होता. जमीन हवी तिथे नव्हतीच. वेग शून्य, आणि गाडीसकट मी सावकाश आडवी. म्हशींनी बघितलं आणि निघून गेल्या.

१५४ किलो उचलायचा प्रयत्न केला. हलली नाही. तेवढ्यात मागून एक दूधवाले काका आले. जुनी स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. ज्या रस्त्यासाठी मी महिनाभर स्पेसिफिकेशन्स वाचत होते, त्यावरून ते रोज दोनदा जातात. चपला घालून! त्यांनी गाडी पटकन उचलून दिली नाही. म्हणाले, "पाठ लावा तिला. हॅण्डल पुरतं वळवा. आता बसा खाली आणि पायानं रेटा, कमरेनं नको." पाठ सीटला टेकवली, एका हाताने हॅण्डल, दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरला आणि पावलं मागे मागे टाकत गेले. गाडी उभी राहिली! काकांनी नुसता एक हात लावला होता. जाताना म्हणाले, "उचलता येती ना? मग चालवा."

शोरूममध्ये सीसी, टॉर्क, स्क्रीन सगळं दाखवतात. पडली तर तुम्ही एकट्या उचलाल का, हे कुणी विचारत नाही. आत्याच्या रस्त्यावर मी एकटीच असते. १९६ किलोची गाडी मला तिथे नको, हे तिथल्या तिथे ठरलं. लेहचा फोटो थांबेल. लेह कुठे पळून जात नाही.

मित्राला गाडी विकायचीच होती. ऐंशी हजारांत ठरलं, साठवलेल्या पैशांतून, हप्ता नाही. स्कूटर विकलेली नाही. ऑफिसची ८,४५० किलोमीटर तिचीच. पार्किंगमध्ये दोन गाड्या बघून आई म्हणते, "संस्थान आहे आपलं!" हिशेबाने हा निर्णय शहाणपणाचा नाही, हे मला माहीत आहे. दोन इन्शुरन्स, दोन सर्व्हिसिंग, तेही १२० किलोमीटरसाठी. पण एक्सेलमध्ये ओट्यावर बसून वाट बघण्याचा कॉलम नसतो.

परवा पहिल्यांदा माझी स्वतःची गाडी घेऊन वाडीत गेले. आवाज ऐकून आत्या बाहेर आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात ठेवून बघितला, मग माझ्याकडे.

"केवढी उंच गं! पाय टेकत्यात का?"

"एकच टेकतो."

"बास की," आत्या म्हणाली. "चल, चहा ठेवते."